जामखेडची मूळ संख्या

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींच्या जवळ येतात तिथे, जामखेड हे तालुक्याचे ठिकाण वसलेले असून त्याच्या टपाल कार्यालयाचा पिन कोड ४१३२०१ हा आहे. चार लाख तेरा हजार दोनशे एक ही संख्या तालुक्यातील लोक पत्त्याखाली, बँकेच्या अर्जावर आणि आधार कार्डावर लिहीत आले आहेत, परंतु ती लिहिताना तिच्याकडे संख्या म्हणून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गणिताच्या दृष्टीने मात्र कोणतीही पूर्ण संख्या केवळ खूण नसते. तिचे अवयव, तिचा वर्गांशी असलेला संबंध आणि तिच्या अंकांची रचना यांतून तिचा एक निश्चित स्वभाव घडलेला असतो, आणि तो कोणी ठरवून दिलेला नसतो. सहा अंकी संख्या संगणकाच्या जगात लहान मानली जात असली तरी तिचे अवयव नुसते पाहून सांगता येत नाहीत आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले तर ते काही तासांत शोधता येतात, म्हणून मोठ्या संख्यांचा अभ्यास कसा करतात हे समजून घेण्यासाठी हा आकार अत्यंत सोयीचा आहे.

पिन कोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली आणि तिचे शिल्पकार होते श्रीराम भिकाजी वेलणकर, जे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी असण्याबरोबरच संस्कृतचे मान्यवर कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक भाषा आणि लिप्या यांमुळे टपालाच्या वर्गवारीत होणारा गोंधळ अंकांच्या साहाय्याने टाळावा, हा या योजनेचा हेतू होता. त्यानुसार पहिला अंक देशातील टपाल विभाग दाखवतो आणि ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या वाट्याला आलेला आहे. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की जामखेड महसुली दृष्ट्या अहिल्यानगरचे असले तरी त्याचे पहिले तीन अंक ४१३, म्हणजे सोलापूरच्या बाजूचे आहेत, तर अहिल्यानगर शहराचा पिन कोड ४१४००१ आहे. टपालाची सोय पाहून आखलेली ही रचना शेजारधर्माला धरून आहे, पण गणिताशी तिचा काडीचाही संबंध नाही. दोन गावांच्या पिन कोडची बेरीज केली तर हाती येणाऱ्या उत्तराला टपाल खात्यात काहीही अर्थ नसतो. तरीही ४१३२०० आणि ४१३२०२ यांच्या मधोमध बसलेली संख्या म्हणून ४१३२०१ ला जे गुण आहेत, ते पिन कोडची कल्पना कोणाच्या मनात येण्यापूर्वीही होते.

यांतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अवयवांचा. १ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज जिला कोणत्याही पूर्ण संख्येने निःशेष भाग जात नाही, अशा १ पेक्षा मोठ्या संख्येला मूळ संख्या म्हणतात, आणि जिला असा भाग जातो तिला संयुक्त संख्या. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवण्याचा सर्वांत सरळ मार्ग भागाकाराचा असून त्याला एक मर्यादा आपोआप मिळते: ६४२ चा वर्ग ४१२१६४ आणि ६४३ चा वर्ग ४१३४४९ होतो, म्हणजे आपल्या संख्येचे वर्गमूळ या दोहोंच्या दरम्यान आहे, आणि संख्या जर दोन अवयवांचा गुणाकार असेल तर ते दोन्ही अवयव ६४२ पेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण तसे झाल्यास गुणाकार ४१३२०१ च्या पुढे जाईल. म्हणून २ पासून ६४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भाग देऊन पाहणे पुरेसे ठरते, आणि अशा मूळ संख्या ११६ आहेत.

यांपैकी पहिल्या काहींचा निकाल भागाकार न करताही लागतो. शेवटचा अंक १ असल्यामुळे २ आणि ५ बाद होतात; अंकांची बेरीज ४ + १ + ३ + २ + ० + १ = ११ येते व ११ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ ही बाद होतो. पुढची युक्ती विशेष सुंदर आहे, कारण पिन कोड तीन-तीन अंकांच्या दोन गटांत लिहिण्याची टपाल खात्याची पद्धत तिच्या नेमकी कामी येते. १००१ ही संख्या ७ × ११ × १३ इतकी असल्यामुळे, सहा अंकी संख्येच्या पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन अंकांच्या गटांची वजाबाकी करून तिला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का हे पाहिले की त्या सहा अंकी संख्येबद्दलही तेच उत्तर मिळते. ४१३ मधून २०१ वजा केल्यास २१२ उरतात, आणि २१२ ला या तिघांपैकी कोणाचाही भाग जात नाही. त्याचप्रमाणे ९९९ ही संख्या २७ × ३७ असल्यामुळे दोन गटांची बेरीज ३७ साठी उपयोगी पडते; ४१३ + २०१ = ६१४, आणि तिला ३७ ने भागल्यास २२ बाकी उरते.

हीच कसोटी शेजाऱ्यांना लावली तर चित्र पूर्ण बदलते. करमाळ्याचा पिन कोड ४१३२०३, म्हणजे जामखेडच्या संख्येहून केवळ २ ने मोठा; तिथे गटांची वजाबाकी २१० येते आणि तिला ७ ने भाग जातो, म्हणून ४१३२०३ = ७ × ५९०२९. अहिल्यानगर शहराच्या ४१४००१ मध्ये ४१४ मधून १ वजा केल्यास ४१३ उरतात, जे ७ × ५९ आहेत, आणि पुढे भाग देत गेल्यास ४१४००१ = ७ × ७ × ७ × १७ × ७१ असे पृथक्करण मिळते, ज्यामुळे या संख्येला एकूण १६ विभाजक आहेत. सोलापूरची ४१३००१ ही संख्या ३ × ३ × १०९ × ४२१ अशी फुटते आणि तिला १२ विभाजक आहेत.

जामखेडची संख्या मात्र फुटत नाही. १७ ने भागल्यास १६ बाकी उरते, म्हणजे भाग जाता जाता अवघा १ कमी पडतो. ३१ ने भागल्यास २ आणि ४१ ने भागल्यास ३ बाकी उरते. पुढे ११६ व्या मूळ संख्येपर्यंत, म्हणजे ६४१ पर्यंत जाऊन ३९७ ही बाकी हाती आल्यावर निकाल निश्चित होतो की ४१३२०१ ही मूळ संख्या आहे. हा योगायोग किती दुर्मीळ मानायचा, याचेही उत्तर गणितात आहे. १८९६ मध्ये जाक आदामार आणि शार्ल द ला व्हाले पूसँ या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, कोणत्याही मोठ्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती विरळ असतात हे त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमवरून कळते, आणि ४१३२०१ चा नैसर्गिक लॉगरिथम सुमारे १२.९३ आहे. म्हणजे या परिसरातील साधारण १३ संख्यांमागे एक मूळ असते. त्यामुळे मूळ संख्येचा पिन कोड असलेले जामखेड हे एकमेव गाव ठरत नाही, पण बहुसंख्य गावांच्या वाट्याला हा गुण येत नाही हेही तितकेच खरे आहे.

भागाकाराची ही पद्धत सहा अंकांना पुरते, शंभर अंकांना मात्र ती कोणत्याही संगणकावर निरुपयोगी ठरते, कारण अंकांची संख्या वाढेल तसा करावयाच्या भागाकारांचा डोंगर प्रचंड वेगाने वाढत जातो. संख्येचे अवयव प्रत्यक्ष न शोधता ती मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने सांगणारी रीत असू शकते का, हा दीर्घकाळ अनुत्तरित राहिलेला प्रश्न २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सोडवला, आणि भारतीय गणिताच्या अलीकडच्या इतिहासातील ही एक अत्यंत अभिमानास्पद घटना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, आजवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ अशी असून तिच्यात ४ कोटींहून अधिक अंक आहेत. ती मात्र तिच्या या विशिष्ट रूपामुळे उपलब्ध असलेल्या खास कसोटीने तपासण्यात आली.

एखादी संख्या मूळ आहे असे कळल्यावर तिच्याबद्दल बोलण्यासारखे काही उरत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण तिचे अवयवच नाहीत. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. सतराव्या शतकात पिएर द फेर्मा याने असे प्रतिपादन केले आणि अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर याने सिद्ध केले की, ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यास १ बाकी उरते ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे; जिची बाकी ३ उरते ती मात्र कधीच तशी लिहिता येत नाही. ४१३२०१ चे शेवटचे दोन अंक ०१ असल्यामुळे ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून असे दोन वर्ग अस्तित्वात आहेत याची हमी मिळते, पण ते कोणते हे प्रमेय सांगत नाही. ते शोधताना पुन्हा बाक्यांचाच आधार घ्यावा लागतो: ३ ने भागल्यास आपल्या संख्येची बाकी २ उरते, त्यामुळे दोहोंपैकी कोणताही वर्ग ३ च्या पटीतला नसतो, ५ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून एक वर्ग ५ च्या पटीतला असावाच लागतो, १६ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून वर्ग होणाऱ्या दोन संख्यांपैकी जी सम आहे ती ४ च्या पटीतली असते. अशी चाळणी लावत गेल्यावर तपासण्यासारख्या मोजक्या जोड्या उरतात आणि त्यांतील एकच जोडी जुळते: ४४९ चा वर्ग २०१६०१, ४६० चा वर्ग २११६००, आणि त्यांची बेरीज नेमकी ४१३२०१.

या दोन संख्या हाती आल्या की जामखेडच्या संख्येचा सर्वांत मनोहर गुण उघड होतो, आणि तो पाहण्यासाठी महाराष्ट्राच्याच गणिती परंपरेकडे वळावे लागते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्ण संख्यांत मिळवण्याची एक रीत दिली आहे. ज्यांच्या घराण्याचा आणि विद्येचा गौरव करणारा यादवकाळातील शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, ते हेच भास्कराचार्य. काटकोनाजवळच्या दोन बाजूंना भुज व कोटी आणि काटकोनासमोरच्या बाजूला कर्ण म्हणण्याची परंपरा असून, रीत अशी आहे की कोणत्याही दोन इष्ट संख्या घ्याव्यात. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे कोटी, त्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे भुज आणि वर्गांची बेरीज म्हणजे कर्ण. आता ४६० आणि ४४९ या संख्या घेतल्या तर कोटी ४१३०८० येते, कर्ण अर्थातच ४१३२०१ येतो, आणि वर्गांची वजाबाकी, म्हणजे भुज, येतो ९९९९.

ज्याला संख्यांची आवड आहे त्याचे लक्ष या चार नवांपाशी खिळून राहील, आणि ते योग्यच आहे, कारण असे सुबक उत्तर मागून मिळत नाही. त्यामागचे कारण साधे आहे: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा गुणाकार, आणि येथे बेरीज ९०९ व वजाबाकी ११ असल्यामुळे ९०९ × ११ = ९९९९ असे घडते. कर्ण आणि कोटी यांतील फरक १२१, म्हणजे ११ चा वर्ग, आणि त्यांची बेरीज ८२६२८१, म्हणजे ९०९ चा वर्ग. कर्ण मूळ संख्या असल्यामुळे त्यावर पूर्ण संख्यांचा दुसरा कोणताही काटकोन त्रिकोण उभा राहू शकत नाही. ४१३२०१ चा त्रिकोण हा एकच. त्याचा आकारही विलक्षण आहे. या बाजू सेंटिमीटरमध्ये मोजल्या तर सुमारे ४ किलोमीटर १३१ मीटर लांबीची एक सरळ रेषा आणि तिच्या टोकाशी काटकोनात जेमतेम १०० मीटरची, नेमके सांगायचे तर ९९.९९ मीटरची, दुसरी रेषा असा हा त्रिकोण असून कर्ण मोठ्या बाजूपेक्षा केवळ १.२१ मीटरने लांब भरतो.

आतापर्यंत पाहिलेले गुण संख्येचे स्वतःचे आहेत, ती कशी लिहिली आहे यावर ते अवलंबून नाहीत. संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी, हीच संख्या ११००१००१११००००१०००१ अशी एकोणीस अंकी होते, तरीही ती मूळच राहते आणि तिचा त्रिकोणही तोच राहतो. गुणांचा दुसरा वर्ग मात्र दशमान पद्धतीतल्या अंकांवर उभा असतो, आणि या वर्गाचा आजन्म ध्यास घेतलेला गणितप्रेमी महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाच्या कामाकडे देशातील अनेक विद्वानांनी करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. कापरेकरांनी शोधलेल्या संख्या पोटापाण्याच्या कोणत्याही व्यवहारात उपयोगी पडत नसतीलही, पण शाळकरी मुलाला वहीच्या मागच्या पानावर संशोधन करता यावे अशी वाट त्यांनी मोकळी करून दिली, आणि हे योगदान लहान नाही.

कापरेकरांच्या कसोट्या ४१३२०१ ला लावल्यास उत्तरे संमिश्र येतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या असे नाव दिले; १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आणि १७२९ = १९ × ९१, म्हणून ती हर्षद. एकापेक्षा अधिक अंकांची मूळ संख्या मात्र कधीच हर्षद असू शकत नाही, कारण तिच्या अंकांची बेरीज तिच्याहून लहान व १ हून मोठी असते आणि मूळ संख्येला तसा विभाजकच नसतो. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केल्यास तीच संख्या परत मिळते तिला कापरेकर संख्या म्हणतात; ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. अशा संख्येला ९ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च उरावी लागते, जामखेडच्या संख्येची बाकी २ उरते, त्यामुळे अब्जांच्या घरात जाणारा तिचा वर्ग काढण्याचे श्रम न घेताच ती या पंक्तीतून बाद होते. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्माला येते, आणि जी अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही ती स्वयंभू संख्या, ही त्यांचीच आणखी एक कल्पना. ४१३२०१ स्वयंभू नाही; ४१३१८२ च्या अंकांची बेरीज १९ असून ४१३१८२ + १९ = ४१३२०१ होते, आणि तपासून पाहता तिला हा एकच जनक आहे.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली क्रिया वेगळीच आहे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी असे मांडले की, सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावावेत, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हेच करत राहावे, म्हणजे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. सहा अंकी संख्यांचे वागणे इतके एकमार्गी नाही. त्यांतील काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बहुतांश संख्या सात संख्यांच्या एका फेऱ्यात सापडून तिथेच फिरत राहतात.

जामखेडच्या संख्येत ० ते ४ हे पाचही अंक असून त्यांपैकी १ दोनदा आहे. उतरत्या क्रमाने ४३२११०, चढत्या क्रमाने ०११२३४, आणि वजाबाकी ४२०८७६. यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि ६४२६५४ ही उत्तरे क्रमाने येतात, आणि ६६५४४२ मधून २४४५६६ वजा केल्यावर पुन्हा ४२०८७६ हजर होते. म्हणजे अनेक संख्यांना जो फेरा गाठण्यासाठी कित्येक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यात ही संख्या पहिल्याच वजाबाकीत प्रवेश करते. स्वतः ४१३२०१ मात्र या क्रियेचे उत्तर म्हणून कधीही मिळणार नाही, सुरुवात कोणत्याही संख्येपासून केली तरी. कारण एकाच अंकांच्या दोन मांडण्यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते, त्यामुळे त्यांची वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत येते, आणि मूळ संख्या असलेल्या ४१३२०१ ला ९ चा भाग जात नाही.